एकोणीस दिवसांच्या नोंदी

३ जानेवारी

भावोजी,

अनेक आशीर्वाद.

मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन नीट पार पडलं. आता धाकट्या भावाच्या या घरातला भिंतीवरचा डाग न् डाग मला दिसतो, आणि मी तो बोलून दाखवते म्हणून भावजय वैतागली आहे. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी बारीक काम करायला हरकत नाही. कामही चालून आलंय, म्हणून हे पत्र.

ह्यांच्या फुलमाश्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. प्रकाशकाला मुखपृष्ठावर ती काळी माशी हवी. ह्यांनी जन्मभर माश्या पाहिल्या, पण नवी म्हणून जाहीर केली ती ही एकच, आणि तिला नाव दिलं तेही स्वतःचं नाही, हाताखालच्या मदतनिसाचं, तुमच्या आडनावावरून. मी तेव्हा काढलेलं चित्र ट्रंकेत होतं. ओल लागून नेमका पोटाच्या पट्ट्यांवर डाग पडलाय. तेव्हा नवं काढीन म्हणते. नाहीतरी नवे डोळे आलेच आहेत.

लाल चिठ्ठीचा मूळ नमुना, ज्यावरून जात जाहीर केली तो, संग्रहालयाबाहेर काढता येत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त भिंगाखालचे फोटो पाठवा, वरून एक आणि बाजूने एक. पंखाची लांबी आणि पट्ट्यांची रुंदी मोजून लिहा. तुम्हाला अर्ध्या दिवसाचं काम. ह्यांचा तुमच्या हातावर जेवढा भरवसा होता तेवढा माझ्या हातच्या चहावरही नव्हता.

वहिनी

*

१९ जानेवारी

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

डोळे बरे झाले हे वाचून फार बरं वाटलं. देवाची कृपा.

इथे सगळं आहे तसंच आहे. मागची खोली, डांबरगोळ्यांचा वास, आणि मी. नव्या प्रमुख बाई हुशार आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी मला सगळे खण नव्याने लावायला सांगितलंय. दादा गेले, तरी त्यांनी लावलेला क्रम मी मोडत नाही. पहिल्या कपाटात ज्यांच्या अळ्या मावा खातात त्या. दुसऱ्यात घाण पाण्यात वाढणाऱ्या, ज्यांच्या अळीला श्वास घ्यायला लांब शेपूट असतं. तिसऱ्यात भुंग्याचं सोंग घेणाऱ्या केसाळ माश्या. आणि अगदी खालच्या खणात मुंग्यांच्या वारुळात राहणाऱ्या. त्यांची अळी इतकी गोल आणि बिनपायाची, की पूर्वी एका विद्वानाने ती गोगलगाय म्हणून नोंदवली होती. दादा ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायचे.

परवा एक शिक्षिका वर्ग घेऊन आल्या होत्या. पहिला खण उघडताच त्या दोन पावलं मागे सरल्या. "गांधीलमाश्या आहेत या!" मी म्हटलं, "बाई, पंख मोजा." त्यांनी दुरूनच मोजले. गांधीलमाशीला चार, हिला दोन. नांगी नाही, काही नाही, नुसता पिवळाकाळा अंगरखा. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ही खोटं बोलते?" त्यांना भिंगाखाली पंखातली ती जादा शीर दाखवली. कुठून निघत नाही, कुठे मिळत नाही, तरी तिच्यावरूनच हे सगळं कुल ओळखायचं. जगात सहा हजारांवर जाती आहेत आणि बहुतेक सगळ्यांच्या पंखात ती असते.

काळ्या माशीचा खण दमटपणाने फुगलाय. उघडत नाही. सुताराला सांगितलंय. उघडला की मापं कळवतो.

आपला,
भावोजी

*

२७ जानेवारी

भावोजी,

खण फुगलाय? या कोरड्या हवेत? इथे माझ्या टाचा फुटल्यात आणि तुमचं लाकूड फुगतंय?

तुम्ही एवढं लांबलचक पत्र लिहिलंत. त्यात गोगलगाय आली, शिक्षिका आल्या, जादा शीर आली. मी मागितलेली माशी तेवढी आली नाही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो, कशाला त्या वाटेला जाता?

तुमच्या नव्या प्रमुख बाईंचंही पत्र आलंय. मोठं अदबीने लिहिलंय. नाहीशा झालेल्या कीटकांची यादी त्या छापणार आहेत आणि तिच्यात पहिलं नाव आपल्या काळ्या माशीचं. बावीस वर्षांत ती पुन्हा कुणालाही सापडली नाही, म्हणून. यादीत माझं जुनं चित्र वापरू का, असं विचारलंय. चला, ह्यांची माशी हरवलेल्यांत तरी पहिली आली.

मला एकाहत्तरावं लागलंय. हे पुस्तक हातात घेऊन पाहायचंय आणि त्यावर चांगलं चित्र हवंय. इतकंच मागणं आहे. अडचण काय ती सरळ लिहा. मी काही तुमची प्रमुख बाई नाही, वहिनी आहे. फार तर चार शब्द सुनावीन.

वहिनी

*

४ मार्च

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

उत्तराला पाच आठवडे लागले. कारण पुढे येईल. खण फुगलेला नव्हता. किल्ली माझ्या खिशातच होती.

बावीस वर्षांपूर्वी आवारातल्या गुलाबांवर मावा पडला होता. तो खाणाऱ्या अळ्या दादांनी मला गोळा करायला लावल्या. त्यांचे कोष झाले. मी ते सात डब्यांत ठेवले. दादांचा हुकूम होता, की रोज सकाळी डबे पाहायचे आणि वहीत नोंद करायची. मग ते पंधरा-वीस दिवस परगावी गेले. दुसऱ्याच दिवशी गावाहून निरोप आला, माझी आई अंथरुणाला खिळली. मला निघणं भाग होतं.

रीतीने डबे आणि वही भांडारवाल्याकडे सोपवायला हवी होती. तुम्हाला तो आठवत असेल. त्याचं माझं तेव्हा पटत नव्हतं. तो मला "टाचणीबुवा" म्हणायचा, सगळ्यांसमोर, मी जेवणाआधी हात जोडले की मुद्दाम. त्याच्यापुढे जाऊन विनवणी करणं माझ्या जिवावर आलं. माझ्यामागे माश्या निघाल्या तर डब्यात आपटून त्यांचे पंख फाटतील, ही भीतीही होती. थंडीत कोष उशिरा फुटतात एवढं ऐकून माहीत होतं. म्हणून मी सातही डबे रसायनांच्या जुन्या फ्रिजमध्ये, बाटल्यांच्या मागे ठेवले आणि गेलो.

आई बरी होऊन उठली. मी एकोणीस दिवसांनी परतलो. डबे बाहेर काढले, आणि दादा दुसऱ्या दिवशी यायचे म्हणून त्याच बैठकीत वहीत एकोणीस नोंदी लिहिल्या. "कोष जसेच्या तसे. काही बदल नाही." एकोणीस वेळा. शाई एकसारखी दिसू नये म्हणून दोनदा पेनही बदललं.

तिसऱ्या दिवशी माश्या निघाल्या. पिवळ्या निघायला हव्या होत्या, त्या जवळजवळ काळ्या निघाल्या. दादांनी मला मिठीच मारली. रंग वेगळा, शिवाय नेहमीच्या माशीपेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा बाहेर येणारी. म्हणजे जात नवी. सातही माद्या होत्या. एखादा जरी नर असता, तर दादांनी त्याचं पोट उघडून, जात ज्यांवरून पक्की ठरते ते आतले भाग ताडून पाहिले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. लेखात त्यांनी लिहिलं, "रोजच्या नोंदींनुसार." आणि माझ्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून त्या माशीला दिलं. मी काय बोलणार होतो?

तेव्हा मला नक्की ठाऊक नव्हतं, वहिनी, हे खरं आहे. पण नक्की करून घ्यायचीही इच्छा नव्हती, हे जास्त खरं आहे.

तुमचं २७ जानेवारीचं पत्र आलं त्या आठवड्यात मी गुलाबांवरून पुन्हा अळ्या गोळा केल्या. कोष झाल्यावर अर्धे खिडकीत ठेवले, अर्धे फ्रिजमध्ये. फ्रिज तोच आहे. दार लागत नाही म्हणून त्याला विटेचा तुकडा लावतो. या वेळी रोजच्या रोज नोंद केली. खिडकीतले दहाव्या दिवशी निघाले, सगळे पिवळे. फ्रिजमधले एकोणीस दिवसांनी बाहेर काढले. ते काल निघाले.

काळे आहेत. चौघांपैकी दोन नर. प्रमुख बाईंना कारण न सांगता त्यांनी आतले भाग तपासावेत अशी विनंती केली. "नेहमीचीच जात, जरा सावळी," असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या.

नाहीशी झालेली माशी नाहीशी झालेली नाही. ती कधी नव्हतीच. दादांच्या नावावरची एकमेव जात माझ्या खोटेपणावर उभी आहे. मी देवापुढे रोज बसतो, पण हे त्याला सांगून भागणार नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. तुमची परवानगी मिळेपर्यंत बाईंना काही बोलत नाही.

आपला,
भावोजी

*

२ एप्रिल

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं असेल. उत्तराची घाई नाही.

बाईंची यादी या महिन्याअखेर छपाईला जाते, म्हणून फक्त आठवण.

प्रकृती जपावी.

भावोजी

*

२१ एप्रिल

भावोजी,

सहा आठवडे तुम्हाला ताटकळत ठेवलं. मुद्दामच ठेवलं. रोज लिहायला बसायचे आणि रोज फाडायचे. भाऊ म्हणाला, "ताई, अगं, पेन्शनवाल्यांना असा राग परवडत नाही."

फ्रिजचं मी समजू शकते. आई आजारी, भांडारवाला खवट, हे परगावी, तुम्ही सत्तावीस वर्षांचे. फ्रिजबद्दल तर मला हसूच आलं. एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि त्यांची जात निघाली विटेचा तुकडा लावलेल्या फ्रिजातून.

तुम्हाला वाटतंय तुम्ही ह्यांना फसवलंत. तसं नाही ते. नीट वाचा.

पुस्तकातली चित्रं मी कशी काढायचे ते तुम्ही पाहिलंय. प्रत्येक माशीच्या पोटाचा आधी पारदर्शक कागदावर खाका. नेहमीच्या पिवळ्या माशीचा खाका माझ्याकडे होताच. तुमची काळी माशी समोर आली तेव्हा कामाचा कंटाळा म्हणून म्हणा, मी जुनाच खाका तिच्यावर धरून पाहिला. पट्टी न् पट्टी बसली, भावोजी. तिसरा पट्टा मध्ये किंचित तुटतो, तोही तिथेच. मधला पिवळा रंग तेवढा काळ्याने खाल्लेला, जशी शाई ओल्या कागदावर पसरते तसा.

चहा घेताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही तीच आहे. फक्त सावळी."

तुमच्या प्रमुख बाईंच्या तोंडी तोच शब्द वाचला तेव्हा मला पत्र खाली ठेवावं लागलं.

हे हसले. रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "रंगांचं तुम्ही बघा, जातींचं मी बघतो." मी हट्टाने खाका पुढे केला. तेव्हा ह्यांनी तुमची वही आणून माझ्यापुढे उघडली. "हे बघा. एकोणीस दिवस, रोजच्या रोज. कोष जसेच्या तसे. तुमच्या त्या पिवळ्या माशीचा कोष दहा दिवसांत फुटतो. आता सांगा." त्या वहीपुढे मी काय सांगणार? रंगाला फसेन, पण एकोणीस दिवसांना कशी फसेन? मलाच वाटलं, माझे डोळे चुकले.

त्यानंतर मी ह्यांना माश्यांबद्दल कधी काही म्हटलं नाही. चित्रं काढली, सांगितली तशी. आणखी दोनदा वाटलं होतं, हे काही बरोबर नाही. एकदा दुसऱ्या कपाटातल्या एका जोडीबद्दल, एकदा त्या वारुळवालीबद्दल. मूग गिळून बसले. आता मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरने विचारलं, "आजी, नजर कधीपासून अधू झाली?" मी नेमकं त्या वर्षाचं उत्तर देणार होते.

तर असं आहे. ह्यांचं काही गेलं नाही. मरेपर्यंत खुशीत होते, त्यांना त्या माशीने सुखच दिलं. गेलं ते माझं.

चार शब्द सुनावीन म्हटलं होतं. जरा जास्त झाले.

यादीतून नाव काढायला लावा. पुस्तकाचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. खाका सोबत पाठवतेय. बावीस वर्षं तो ह्यांच्याच पुस्तकात, त्याच पानाशी होता. घडी जपून उलगडा, चिरेल.

वहिनी

*

३० एप्रिल

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. क्षमा मागण्यासाठी तीन कागद लिहिले आणि टाकून दिले. त्या शब्दाने तुमची बावीस वर्षं भरून येणार नाहीत. म्हणून काय केलं तेवढंच लिहितो.

खाका नमुना क्रमांक चारवर धरला. मग मार्चमध्ये फ्रिजमधून निघालेल्या काळ्या माशीवर, मग खिडकीतल्या पिवळीवर. तिन्हींवर बसला. तिसरा पट्टा तुटतो तिथेच तुटतो.

सगळं घेऊन बाईंकडे गेलो. खाका, नव्या माश्या आणि ती जुनी वही. बसायला सांगितलं तरी बसलो नाही. त्यांनी वहीची पानं उलटली. मग म्हणाल्या, "पेन दोनदा का बदललंत?" मी कारण सांगितलं. "मग तुम्हाला तेव्हाच कळत होतं की तुम्ही काय करताय." मी "हो" म्हटलं. त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं. आता वरिष्ठांकडे जाईल. नोकरीची नऊ वर्षं उरलीत, त्याचं व्हायचं ते होईल. यादीतून नाव माझ्यादेखत खोडलं.

वहीतल्या त्या पानाखाली, बाईंच्या परवानगीने, मी एक ओळ घातली आहे: "वरील एकोणीस नोंदी मी एका बैठकीत लिहिल्या. त्या काळात कोष फ्रिजमध्ये होते व मी गावी होतो." खाली सही, आजची तारीख.

बाईंनी एक गोष्ट सांगितली ती तुम्हाला कळवायला हवी. या शास्त्रात चुकीचं नाव पुसत नाहीत. खऱ्या नावाच्या खाली, थोडं आत सरकवून, बारीक अक्षरात ते कायम ठेवतात, म्हणजे पुढच्याला कळावं की इथे कोण कसा चुकला. दादांनी दिलेलं नाव तसं राहील. माझं आडनावही त्यातच. मला ते योग्य वाटलं. वरच्या जागेपेक्षा तिथे ते जास्त शोभतं.

दुरुस्तीचा लेख बाई लिहिणार आहेत. त्यांचं म्हणणं, फ्रिजचा प्रयोग हा पुरावा आहे, पण ओळख आधी खाक्याने पटली होती, आणि ती पटवणाऱ्याचं नाव लेखात आलं पाहिजे. त्यांनी मला तुमचं नाव विचारलं. वहिनी, मी खजील झालो. तीस वर्षांत तुम्हाला "वहिनी" सोडून काही म्हटलं नाही, पाकिटावरही दादांचंच नाव घालून "यांच्या पत्नी" लिहीत आलो. पुस्तकात पाहिलं. पासष्ट चित्रं आहेत, एकाखालीही चित्रकाराचं नाव नाही.

तुमचं नाव कसं लिहायचं ते कळवावं.

आपला,
भावोजी

*

९ मे

भावोजी,

नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय, अक्षर सुवाच्य काढलंय. माहेरचं आडनाव घातलंय. तेव्हा खाका पुढे करूनही मी माघार घेतली ती सासरच्या आडनावाने, म्हणून. उगीच अर्थ काढू नका, ह्यांच्यावर माझा राग नाही. संसार चांगला झाला. फक्त त्या एका चहाच्या वेळी मी बरोबर होते.

प्रकाशकाला कळवलं. आधी घाबरला, मग म्हणाला, अशाने तर पुस्तक जास्त खपेल. मुखपृष्ठावर दोन माश्या येतील, शेजारी शेजारी, एक पिवळी आणि एक काळी. दोघींना खाका एकच. तेव्हा मापं मला अजूनही हवी आहेत. जानेवारीपासून मागतेय.

आणि त्या दुसऱ्या कपाटातल्या जोडीकडे एकदा बाईंना बघायला सांगा. मला वाटतं ते नवरा-बायको आहेत, आणि ह्यांनी त्यांना दोन जातींत टाकलंय. एकाचे डोळे डोक्यावर जुळलेत, दुसरीचे नाहीत. एवढाच काय तो फरक.

तुमच्या नोकरीचं काय झालं ते लिहा.

वहिनी

*

२० मे

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

मापं सोबतच्या कागदावर. प्रत्येक माप तीनदा घेतलं. फोटो चार आहेत.

नोकरीचं: ताकीद मिळाली आणि वही माझ्या हातून काढून घेतली. नोंदी आता बाई स्वतः करतात. टाचण्या आणि चिठ्ठ्या माझ्याकडेच आहेत. तक्रार नाही.

दुसऱ्या कपाटातली जोडी बाईंनी टेबलावर घेतली आहे. दोन दिवस त्यांनी भिंग खाली ठेवलेलं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, प्रत्येक माशीच्या टाचणीवर दोन चिठ्ठ्या असतात. वरची, कुठे आणि केव्हा मिळाली ती. खालची, ती कोण आहे हे कुणी ओळखलं ती. लाल चिठ्ठी आणि दादांची खालची चिठ्ठी नियमाप्रमाणे तशीच ठेवली. तिच्या खाली नवी घालायची असते.

काल सकाळी हात जोडून कामाला बसलो. सात चिठ्ठ्या, अर्ध्या नखाएवढ्या. बारीक निबाने प्रत्येकीवर आधी नेहमीच्या पिवळ्या माशीचं नाव लिहिलं आणि खाली "ओळखणार" असं लिहून तुमचं नाव. माहेरच्या आडनावासकट ते ओळीत मावत नव्हतं. बाई म्हणाल्या, आडनावाचं आद्याक्षर पुरे. मी अक्षर लहान केलं आणि पूर्ण बसवलं.

शेवटी तारीख राहिली. बावीस वर्षांपूर्वीची, त्या चहाच्या दिवसाची घालावी असं फार मनात आलं. ओळखलं तर तुम्ही तेव्हाच होतं. पण मागच्या तारखा घालून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. कालची घातली.

सातही माश्या खणात परत लावल्या. जागा बदलली आहे. आता त्या पिवळ्यांच्या रांगेत आहेत.

आपला,
भावोजी